मातमाताच्या घरात काकूची चौकशी

मैत्रिणींनो, वरून बघावं तर एकही घर दिसू नये आणि तरी गाव चांगलं नांदतं असावं, असं कुठं पाहिलंय? उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिशिया देशाच्या दक्षिणेला मातमाता म्हणून असं एक गाव आहे. गाबेस या समुद्रकाठच्या शहरापासून चाळीसएक किलोमीटर आत, उजाड, पिवळट टेकड्यांत. रस्त्यावरून नुसती माती दिसते, अधूनमधून ऑलिव्हची झाडं. चार पावलं पुढं टाकली की पायाशी एकदम भलामोठा गोल खड्डा, आणि खड्ड्याच्या तळाशी चक्क कुणाचं तरी अंगण!

इथली जुनी घरं बांधलेली नाहीत, खणलेली आहेत. आधी खोल खड्डा खणायचा, तो झाला चौक. मग चौकाच्या भिंतीत आडव्या गुहा कोरायच्या, त्या झाल्या खोल्या. धान्याची कोठी वरच्या अंगाला. तिला जमिनीतून भोक ठेवलेलं, म्हणजे वरून पोतं ओतलं की धान्य थेट कोठीत. आपल्याकडच्या पेवाची आठवण यावी अशी सोय! माती जाड, म्हणून उन्हाळ्यात गारवा आणि थंडीत ऊब. दारावर हाताचा पंजा नाहीतर मासा रंगवलेला, घराला दृष्ट लागू नये म्हणून. इथले मूळचे लोक बर्बर. ते स्वतःला अमाझिग म्हणवतात. १९५६ साली देश स्वतंत्र झाल्यावर सरकारनं पंधराएक किलोमीटरवर नवं मातमाता वसवलं. पुष्कळ कुटुंबं तिकडं गेली, काही मात्र आपलं घर सोडायला तयार झाली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या लांब, या खड्ड्यांत जगभरचे लोक येतात ते कशाला? तर सिनेमासाठी. असेच काही चौक भुयारांनी जोडून इथं सिदी द्रिस नावाचं साधंसं हॉटेल झालं आहे. १९७६ साली जॉर्ज ल्युकस यांनी आपल्या 'स्टार वॉर्स' चित्रपटासाठी ते निवडलं, आणि नायक ल्यूक स्कायवॉकर याचं घर म्हणून ते पडद्यावर आलं. त्याच घराचा बाहेरचा पांढरा घुमट मात्र उभारला शॉत एल जेरीद या मिठाच्या मैदानावर, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटर दूर! सिनेमावाल्यांचा संसार असाच, दार एका गावाला आणि जेवणघर दुसऱ्या. ल्यूकच्या वाळवंटी ग्रहाचं 'टॅटुइन' हे नावसुद्धा इथल्याच ततावीन शहरावरून घेतलेलं.

पहिला चित्रपट १९७७ साली आला, आणि २०१९ पर्यंत मुख्य कथेचे नऊ भाग झाले. बेचाळीस वर्षं चाललेल्या गोष्टीत धागे सुटायचेच. हे सुटलेले धागे हातात घेऊन चाहते मातमाताला येतात. ल्यूक जेवताना काकांशी वाद घालतो ती म्हणून रंगवलेल्या छताची एक खोली इथं दाखवतात. तिथं टेकलं की यांचे वाद सुरू! परग्रहांच्या लढायांचे असतील असं वाटतं, पण कान देऊन ऐकलंत तर तुम्हाला हसूच येईल. निम्मे वाद आपल्या माजघरातले आहेत.

पहिला वाद नात्याचा. ल्यूकला वाढवणारा ओवेन त्याचा नेमका कोण? इंग्रजीत काका, मामा, मावसा सगळ्यांना एकच शब्द, त्यामुळं पंचवीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. मराठीत कुणी गोष्ट सांगायला बसलं असतं तर पहिल्याच वाक्याला अडलं असतं! २००२ सालच्या भागात उलगडा झाला. ओवेन हा ल्यूकच्या वडिलांचा सावत्र भाऊ. म्हणजे काका, आणि त्याची बायको बेरू ही काकू.

दुसरा वाद लपवण्याचा. बाप दुष्टांना जाऊन मिळालेला, म्हणून तान्ह्या ल्यूकला त्याच्यापासून लपवलं. पण कुठं? बापाच्याच माहेरासारख्या घरी, आणि आडनावही बापाचंच! वसुदेवानं कृष्णाला गोकुळात पोचवलं ते असं नाव ओरडत नव्हे. याला चाहत्यांचं उत्तर असं, की त्या बापाची आई याच घरी आली, हालहाल होऊन गेली, आणि घराशेजारीच तिला पुरलं. ती जागा त्याला डोळ्यांपुढं नको होती, तेव्हा तो इकडं फिरकणार नाही हा भरवसा. पटतंय का?

तिसरा वाद गड्याचा. थ्रीपीओ हा यंत्रमानव ओवेनच्याच घरी पूर्वी वर्षानुवर्षं राबला. पुढं तोच पुन्हा विकत घेताना ओवेन त्याला ओळखत कसा नाही? कुणी म्हणतो, तेव्हा तो करडा होता, आता सोनेरी झालाय. कुणी म्हणतो, तसले शेकड्यांनी असतात. थ्रीपीओचं विचाराल तर त्याची स्मृती २००५ च्या भागातच पुसून टाकलेली.

आणि सगळ्यांत हळवा वाद लेयाचा. ल्यूकची ही जुळी बहीण १९८३ च्या चित्रपटात सांगते, की आई तिला थोडी थोडी आठवते. सुंदर, प्रेमळ, पण उदास. २००५ च्या भागात तर आई बाळंतपणातच जाते! मग आठवेल कशी? एक बाजू म्हणते, तिच्यात दैवी शक्ती होती. दुसरी म्हणते, तिला वाढवणारी आईच तिच्या मनात असेल. देवकी नव्हे, यशोदा. पण ल्यूकनं तर सख्ख्या आईबद्दल विचारलं होतं. हा वाद काही केल्या मिटत नाही.

यशोदेवरून पुन्हा काकूकडं येऊ. बेरूनं ल्यूकला वाढवलं, निळं दूध पाजलं, नवऱ्याला समजावलं की पोराचं मन शेतात नाही, त्याला जाऊ द्या. पुढं शत्रूंनी नवराबायकोला घरासकट जाळलं. ल्यूक घर सोडून निघतो आणि नंतरच्या कथेत काकूचं नाव जवळजवळ ऐकूच येत नाही. पुष्कळ चाहत्यांना हे खटकतं. २०२२ च्या मालिकेत हीच काकू शस्त्र काढून घराच्या रक्षणाला उभी राहते, तेव्हा कुठं त्यांना बरं वाटलं.

नुसते वाद घालून हे लोक थांबले नाहीत. मिठाच्या मैदानावरचा तो घुमट खाऱ्या वाऱ्यानं पार पोखरला होता. २०१२ साली निरनिराळ्या देशांतल्या चाहत्यांनी वर्गणी काढून तो डागडुजी करून घेतला. कौतुकच आहे! पण मातमाताला गेलात तर शेजारचे खरे चौकही बघा. ज्या घरात माणूस राहत नाही त्याचा गिलावा पावसानं सुटतो, छत खचतं, आणि खड्डा नुसता खड्डा उरतो. जी टिकलीत ती रोजच्या झाडलोटीनं आणि चुन्याच्या हातानं. २०१५ साली या देशात प्रवाशांवर हल्ले झाले, पाहुणे आटले, आणि घर दाखवून चार पैसे मिळवणाऱ्या बायकांची चूल त्यानं थंडावली. त्यांच्या घरासाठी वर्गणी निघाली नव्हती.

जायचं ठरलंच तर ऑक्टोबर ते मार्च या दिवसांत जा. उन्हाळा सोसवत नाही. सपाट चपला घाला, पायऱ्या उंचसखल असतात. घरात शिरण्याआधी हाक मारा, फोटोआधी विचारा. घरची बाई ताजी रोटी, ऑलिव्हचं तेल आणि चहा पुढं ठेवील. खा, चार दिनार हातावर ठेवा, आणि तिची कोठी बघायला मागा. धान्याचं ते भोक कुठं उघडतं, हे ती हौसेनं दाखवील.