जुन्या यंत्राचें अंतरंग

घरांतील कांहीं वस्तूंशीं आपला दहा-दहा वर्षांचा सहवास असतो, आणि तरीहि त्यांची नि आपली ओळख झालेली नसते. जात्याचा खुंटा सैल झाला तर तो कोणीं ठोकावा हें पूर्वी घरांतील सर्वांस ठाऊक असे. सायकलची साखळी उतरली तर शाळकरी पोरहि ती चढवी. परंतु संगणक नांवाची जी काळी पेटी आमच्या घरांत २०१५ सालापासून नांदत आहे, तिच्या पाठीशीं दोन स्क्रू आहेत आणि ते फिरवले असतां तिची एक बाजू दारासारखी निघते, ही गोष्ट पाहण्याचा योग आम्हांस यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत आला नव्हता.

ही पेटी मुळांत आमच्या थोरल्या चिरंजीवांची. अभ्यासासाठीं घेतली असें आम्ही पाहुण्यांस सांगत असूं. खेळासाठीं घेतली हें पाहुणे आपण होऊन ताडीत. चिरंजीव आतां पुण्यास नोकरीला आहेत आणि पेटी धाकट्या कन्येच्या ताब्यांत आली आहे. रोज रात्रीं साडेनऊच्या सुमारास एक सिंदेवाहीस व एक पुण्यास बसून हीं बहीणभाऊ 'रॉकेट लीग' नांवाचा खेळ खेळतात. मोटारींनीं फुटबॉल खेळण्याचा हा प्रकार २०१५ सालीं निघाला. डाव पांच मिनिटांचा. हीं दोघें एका बाजूस आणि जगाच्या कोणत्या कोपऱ्यांतील कोण जाणे अशीं दुसरीं दोघें समोर. कानाला हेडफोन लावून त्यांचें बोलणें चालतें, आणि त्या बोलण्यांत चेंडूचा विषय फार थोडा असतो. खाणावळीची भाजी, वरिष्ठांचा स्वभाव, अकरावीचें गणित, इकडे कोणाच्या लग्नाला कोण आलें नाहीं, हें सारें मोटारींच्या धडपडींत मिसळून आमच्या कानीं पडे. आमच्याशीं मात्र चिरंजीवांचें संभाषण 'जेवलास का?' आणि 'हो, बाबा' एवढ्यांत आटोपत असे.

होळी झाली, ऊन तापूं लागलें, आणि खेळ अडखळूं लागला. चेंडू जाळ्याशीं यावा आणि नेमकें त्याच क्षणीं चित्र थिजावें. तें पुन्हां हलूं लागेपर्यंत गोल आपल्याच अंगावर झालेला असावा. असें रोज होऊं लागलें. शेवटीं एके रात्रीं कन्या म्हणाली, "दादा, माझ्यामुळें तूं हरतोस. तूं दुसऱ्या कोणाबरोबर तरी खेळ." त्यापुढील आठ दिवस साडेनऊनंतर घरांत पंख्याखेरीज आवाज नव्हता. ती शांतता आमच्या सौभाग्यवतींस आमच्याआधीं असह्य झाली, आणि यंत्र दुरुस्त करून आणण्याचा हुकूम सुटला.

चंद्रपूरच्या एका दुकानदारांनीं पेटी न उघडतांच निदान केलें. "काकाजी, याच्यांत आतां कांहीं अर्थ नाहीं. नवीन घेऊन टाका." त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हतें. आमच्या यंत्राचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, आय-फाइव्ह ४४६०, म्हणजे २०१४ सालचा. विंडोज १० ला मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादींत इतक्या जुन्या प्रोसेसरास स्थान नाहीं. म्हणजे बँकेचे व्यवहार या यंत्रावर करूं नयेत हें उघड झालें. पण मोटारींना चेंडू ढकलण्यास बँकेची काय गरज? शिवाय २०२५ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनीं स्मृतीच्या चिपा ओढून घेतल्यामुळें नव्या यंत्राची किंमतहि फुगलेली होती.

या विषयांतील नवशिक्याची नजर प्रथम ग्राफिक्स कार्डाकडे जाते. खेळाचें चित्र तेंच रंगवतें, तेव्हां चित्र अडखळलें तर दोष त्याचाच, असा साधा हिशेब. आमचें कार्ड जीटीएक्स ७५० टीआय, पोटांत २ जीबी स्मृति असलेलें. त्याच्या जागीं २०१९ सालचें जीटीएक्स १६५०, वापरलेलें, घ्यावें असा मोह आम्हांस झाला. मदरबोर्डाच्या खांचेंतून कार्डास ७५ वॅटपर्यंत वीज मिळते व हें कार्ड तेवढ्यावर भागवतें, म्हणजे जुना एसएमपीएस बदलावा लागणार नाहीं, एवढें शास्त्र आम्हीं पाठहि केलें. परंतु आमच्या या मुलखांत जे मामा तलाव आहेत त्यांच्या काठीं वाढलेल्या माणसास एक गोष्ट सांगावी लागत नाहीं: तलाव कितीहि तुडुंब भरो, बांधीला पाणी मोरीच्या मानानेंच मिळतें. तेव्हां मोरी कोठें तुंबली आहे तें आधीं पाहावें असें ठरलें. यंत्रांतच कोण किती राबतो हें दाखवणारा तक्ता असतो. त्यांत कार्ड बिचारें अर्धवट रिकामें बसलेलें. हार्ड डिस्क शंभर टक्के गुंतलेली. आणि तापमान सांगणाऱ्या प्रोग्रॅमांत प्रोसेसर ९७ अंशांवर. शंभराच्या जवळ गेला कीं प्रोसेसर जळूं नये म्हणून आपली गति आपणच कमी करतो. भर वैशाखांत दुपारीं कोणी शहाणा माणूस धांवत नाहीं, त्यांतलाच प्रकार.

पेटी उघडली. वीज काढून, हात प्रथम तिच्या लोखंडी अंगाला लावून. कारण कोरड्या हवेंत माणसाच्या अंगावर सांचलेली वीज एखाद्या नाजूक भागावर उतरण्याचें भय असतें. आंत जें दृश्य दिसलें त्यास सिंदेवाहीचा भूगोलच म्हटलें पाहिजे. गांवांत भाताच्या गिरण्या आहेत. त्यांच्या कोंड्याची पिवळट धूळ पंख्याखालच्या पत्र्यांत नमदा होऊन बसलेली होती. एका कोपऱ्यांत पालीचीं दोन अंडीं, पोकळ. ब्रशानें धूळ काढतांना पंख्याचें पातें बोटानें धरून ठेवावें, तें फुंकरीनें भरमसाट फिरूं देऊं नये, ही सूचना कन्येनें वाचून दाखवली आणि पातेंहि तिनेंच धरलें.

प्रोसेसरावरील जुना लेप वाळून पापडी झाला होता. तो पुसून नवी थर्मल पेस्ट लावावयाची. ती किती? तर तांदळाच्या दाण्याएवढी, असें सर्वत्र लिहिलेलें. सिंदेवाहींत हें प्रमाण कोणी एका वाक्यांत मान्य करील काय? येथें भाताचें संशोधन केंद्र आहे; येथें दाणा म्हटलें कीं कोणता, हा प्रश्न आधीं येतो. सौभाग्यवतींनीं एचएमटीचा एक दाणा आणून पुढें ठेवला. हा वाण शेजारच्या नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवच्या दादाजी खोब्रागडे यांचा. १९८३ सालीं 'पटेल ३' च्या पिकांत कांहीं निराळ्या लोंब्या त्यांना दिसल्या, त्या त्यांनीं जपल्या, पुनःपुन्हां पेरल्या, आणि त्यांतून हा बारीक तांदूळ निघाला. त्या काळीं ज्या घड्याळाची चलती होती त्याचें नांव त्यास मिळालें. दादाजी २०१८ सालीं वारले. पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. बांधी होती आणि डोळे होते. दाणा बारीक, म्हणून पेस्ट आम्हीं दीड दाण्याएवढी घेतली.

बाकीचें काम लवकर झालें. फिरत्या हार्ड डिस्कीच्या जोडीला एक लहान एसएसडी बसवली व विंडोज तिच्यावर नेलें. जुनी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते आणि तिचा कांटा इकडून तिकडे धांवतो. नवीत हलणारें कांहींच नाहीं. जुनी काढून टाकली मात्र नाहीं, कारण तिच्यांत चिरंजीवांचे शाळेपासूनचे सारे खेळ अर्ध्यावर थांबलेले आहेत. रॅमची ८ जीबीची दुसरी पट्टी नागपुराहून वापरलेली मागवली. ती डीडीआर ३ च हवी. डीडीआर ४ ची खांच निराळ्या जागीं असते आणि कितीहि जोर केला तरी ती बसत नाहीं, ही सोय आम्हांस फार आवडली. मदरबोर्डावरचा सेल संपल्यामुळें यंत्र दर वेळीं स्वतःस २०१४ सालांत समजे. तसाच सीआर २०३२ सेल बाजारांतील घड्याळवाल्याकडे चाळीस रुपयांस मिळाला, आणि यंत्र चालू सालांत आलें.

तापमान ७१ अंशांच्या वर गेलें नाहीं. कार्ड जुनेंच राहिलें. खेळांतील मैदानावर गवत दिसत नाहीं, एवढाच काय तो तोटा, आणि कन्या म्हणते कीं गवत नसलें म्हणजे चेंडू उलट नीट दिसतो. साडेनऊला घर पुन्हां बोलूं लागलें आहे.

चिरंजीवांनीं पहिल्याच रात्रीं विचारलें, "बाबा, पेस्ट कोणी लावली?" मग पंखा किती फेरे घेतो, पट्टी कोणत्या खांचेंत बसवली, अशी चौकशी निघाली, आणि घड्याळाकडे पाहिलें तों अकरा वाजून गेले होते. परवां त्यांनीं आपला लॅपटॉप फोनाजवळ धरून त्याची घरघर आम्हांस ऐकवली व हें काय असावें म्हणून विचारलें. आधीं खालचें झांकण उघडून आंत धूळ किती आहे तें पाहून सांग, असें आम्हीं कळवलें आहे. रविवारीं पाहीन म्हणाले.