अडकित्ता, ओटीचा नारळ आणि विमानतळ

जून २०२५मध्ये सोलापूर–गोवा विमान सुरू झालं आणि आमच्या तालुक्यात विमान हा विषय पेपरातून उठून पारावर आला. तसे पुण्या-मुंबईला जाऊन विमान पकडणारे आधीपासून होतेच. पोरं बंगळुरू-हैदराबादला नोकरीला, कुणाची लेक दुबईला, कुणाचा मुलगा अमेरिकेत. मग नातवंडं बघायला आई-वडील निघतात. आमच्याकडं बऱ्याच जणांचा पहिला विमानप्रवास साठीनंतर होतो.

गावात पत्रकार म्हटलं की कसलीही अडचण आली तरी फोन आपल्यालाच. पूर्वी सातबारा आणि रेशनकार्ड असायचं. आता फोन येतो, "साहेब, शेंगाचटणी विमानात चालते का?" एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, "विमान पडंल याची भीती न्हाई. तिथं चारचौघांत माझं हसं होईल याची हाय." चाळीस वर्षं वर्गासमोर ताठ उभा राहिलेला माणूस हे बोलतो, तेव्हा विषय साधा राहत नाही. नियम अवघड नाहीत. ते आपल्या माणसाला आपल्या भाषेत, घर सोडायच्या आधी कुणी सांगत नाही, एवढंच. म्हणून ही लांबलचक पोस्ट. आई-वडिलांना वाचून दाखवा.

नाव. सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. तिकीट मुलगा मोबाइलवर काढतो आणि घरात ज्या नावानं हाक मारतात ते टाकतो. आधारवर वेगळंच. लग्नाला तीस वर्षं झाली तरी आईच्या आधारवर माहेरचं नाव, तिकिटावर सासरचं. आमच्या ओळखीच्या एका काकूंना पुण्यात दारातच याच कारणावरून थांबवलं. काउंटरवर पाठवलं, मुलाला फोन, धावपळ, शेवटी विमान मिळालं. पण काकू प्रवासभर बोलल्या नाहीत. तर तिकीट काढताना आधार समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच टाका. स्पेलिंग चुकलं आणि तिकीट थेट विमान कंपनीकडून काढलेलं असेल, तर २४ तासांत कळवा. तेवढ्या वेळेत त्याच माणसाच्या नावातली दुरुस्ती फुकट करून द्यायची असा डीजीसीएचा नियम आहे. एजंटकडून काढलं असेल तर त्याच दिवशी त्याच्याकडून तपासून घ्या. आधार नसेल तर मतदान कार्ड, लायसन, पॅन, पासपोर्ट यांपैकी काहीही चालतं. परदेशी जायचं तर पासपोर्टच.

विमानतळ नेमकं कुठलं? डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. तिकिटावर बीओएम असेल तर जुनं मुंबई विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. जुन्या मुंबईतही टी-१ आणि टी-२ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, मधलं अंतर पायी जायचं नाही. सोलापूरकडून रात्रभर गाडी मारून गेलेला माणूस चुकीच्या दारात उतरला तर विमान गेलंच समजा. ड्रायव्हरला निघतानाच तिकीट दाखवा.

वेळ. देशातल्या प्रवासाला दोन तास आधी, परदेशच्या प्रवासाला तीन तास आधी पोचा. मोठी बॅग घेणारा काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि विमानाचं गेट २५ मिनिटं आधी. वेब चेक-इन घरूनच करा. पण मोठी बॅग असेल तर काउंटरला जावंच लागतं, हे विसरू नका. एसटीसारखा हात दाखवून थांबवायचा प्रकार तिथं नाही.

बॅगा. दोन असतात. मोठी काउंटरला द्यायची, ती विमानाच्या पोटात जाते. छोटी, साधारण सात किलोची, आपल्याजवळ राहते. जवळच्या बॅगेत धारदार काही नको. आबांचा अडकित्ता, फळं कापायची सुरी, शिवणाची कात्री, सगळं मोठ्या बॅगेत. काडेपेटी आणि लायटर आपल्याकडं दोन्ही बॅगांत बंद. देवपूजेचं सामान नेणाऱ्यांनी कापूरही घरीच ठेवावा, तो पेट घेणारा पदार्थ आहे.

आता खोबरं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत. कारण त्यात तेल असतं आणि उष्णतेनं ते आपोआप पेटू शकतं. मालवाहतुकीच्या जागतिक नियमांतही खोबरं धोकादायक मालात मोडतं. अख्खा नारळ जवळच्या बॅगेत चालत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये शबरीमलेच्या यात्रेकरूंना तो जवळ न्यायची खास सवलत मिळाली, तीही २० जानेवारी २०२५पर्यंतच. त्यावरून नियम किती पक्का आहे ते कळेल.

हे मुद्दाम सविस्तर सांगतोय. माहेरहून निघालेल्या लेकीच्या पर्समध्ये आई ओटीचा नारळ घालते. तो तपासणीच्या टेबलावर बाहेर काढून ठेवायची वेळ आली की त्या पोरीला ते वस्तू टाकणं वाटत नाही, अपशकुन वाटतो. डोळ्यांत पाणी येतं. जवानाचा दोष नाही, तो त्याचं काम करतो. आयांनो, ओटी भरा, नारळ घरच्या देवापुढं ठेवा, आणि तांदूळ-हळकुंड लेकीबरोबर द्या.

शेंगाचटणी, काळा मसाला, तिखट मोठ्या बॅगेत घाला. लोणचं दुहेरी पिशवीत घट्ट बांधून तेही मोठ्या बॅगेत. कडक भाकरी खुशाल जवळ ठेवा. परदेशच्या प्रवासात जवळच्या बॅगेत कुठलाही पातळ पदार्थ १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीत नको, आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसल्या पाहिजेत. रोजची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, दागिने, रोकड कायम जवळ.

पॉवर बँकेचं उलटं आहे. ती मोठ्या बॅगेत अजिबात नको, जवळच ठेवायची, म्हणजे तापली-धुमसली तर लगेच दिसते. मर्यादा १०० वॉट-अवर. नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते, त्यामुळं चालते. आकडा पुसलेली असेल तर घरीच ठेवा. विमानात तिच्यावर मोबाइल चार्जिंगला लावू नका.

तपासणी. मोबाइल, लॅपटॉप, पाकीट, पट्टा ट्रेमध्ये ठेवायचा. बायकांची तपासणी महिला जवान पडद्याआड करतात. मंगळसूत्र, बांगड्या काढायची गरज नसते. हृदयात पेसमेकर असेल तर आधीच सांगा, कार्ड दाखवा. बॅग पुन्हा तपासायला बाजूला घेतली म्हणजे तुमच्यावर आळ आला असं नाही. यंत्राला नीट दिसलं नाही, एवढाच अर्थ. आणि बॉम्बची थट्टा चुकूनही नको. थेट पोलीस केस होते.

ही कडक शिस्त उगाच आलेली नाही. १९८५मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बनं समुद्रावर उडवलं, ३२९ माणसं गेली. त्यानंतर १९८७मध्ये विमान सुरक्षेसाठी बीसीएएस हा स्वतंत्र विभाग झाला. डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून येणारं विमान पळवून कंदाहारला नेलं, आणि २०००पासून विमानतळांवर सीआयएसएफ उभी राहिली. रांगेत चिडचिड झाली की एवढं आठवावं.

व्हीलचेअर. मागायला लाजू नका. निदान ४८ तास आधी नोंदवा, तिकिटावर तशी नोंद आली का बघा. फेब्रुवारी २०२४मध्ये मुंबईला एका ८० वर्षांच्या प्रवाशाला व्हीलचेअर वेळेत मिळाली नाही. ते चालत निघाले, कोसळले आणि गेले. डीजीसीएनं एअर इंडियाला ३० लाखांचा दंड केला. दंडानं माणूस परत येत नाही. खुर्ची येईपर्यंत जागेवरून हलायचं नाही, असं आई-वडिलांना बजावून ठेवा.

उशीर आणि रद्द. डिसेंबर २०२५च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा लोक विमानतळावर अक्षरशः जमिनीवर झोपले. आपला हक्क काय, हे अनेकांना माहीत नव्हतं. अडीच तासांपर्यंतचं विमान दोन तास लेट झालं तर खाणंपिणं कंपनीनं द्यायचं. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. आयत्या वेळी रद्द झालं आणि कारण कंपनीच्या हातातलं असेल, तर प्रवासाच्या वेळेनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई. धुकं, वादळ असेल तर भरपाई नाही, पण दुसरं विमान किंवा परतावा तेव्हाही मिळतो. कंपनी ऐकत नसेल तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करा. बोर्डिंग पास आणि आलेले मेसेज जपून ठेवा.

आता माझी एक मागणी. कुठली वस्तू चालत नाही हे आपल्या माणसाला कळतं ते यंत्रापुढं. तोवर मोठी बॅग आत गेलेली असते, मागं रांग असते, सोडायला आलेला मुलगा निघून गेलेला असतो. मग वस्तू टाकण्यावाचून पर्याय नसतो. तिकीट मोबाइलवर येतं, जाहिरातीही येतात, मग त्यासोबत एक पान मराठीत यायला काय हरकत आहे? महाराष्ट्रातून सुटणाऱ्या प्रत्येक तिकिटाबरोबर ते आलं पाहिजे. खासदार साहेबांना याच आठवड्यात लेखी निवेदन देणार आहे. आपल्या तालुक्यातल्या ट्रॅव्हल एजंट मित्रांनी तर उद्यापासूनच एक कागद छापून तिकिटाबरोबर द्यावा. मजकूर हाच घ्या, माझं नाव नाही टाकलं तरी चालेल.

सह्या करायच्या असतील त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. प्रवासाबद्दल काही अडत असेल तर तेही विचारा, कुठलाही प्रश्न खुळा नसतो.