कामठीच्या रावबहादुरांचं देणं

नेरे, ता. पनवेल

चि. सोनू,

तुझा मेसेज तुझ्या बाबाने मोठ्याने वाचून दाखवला. ह्यूस्टनच्या तुमच्या विद्यापीठात जिकडे पाहावं तिकडे कलन हेच नाव, तो तेलाच्या विहिरींचा मालक, आणि "आजोबा, आपल्याकडे असं कुणी दिलं नाही का गं?" 'गं' नाही, 'हो' म्हणावं आजोबांना, पण ते असू दे. प्रश्न तू सहज विचारलास. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही.

तुझे ते ह्यू रॉय कलन शाळेत पाचवीपुढे गेले नाहीत. तेलाच्या शोधात जमीन पालथी घातली, अमाप पैसा केला, आणि 1936 मध्ये त्यांचा तरणाताठा मुलगा तेलक्षेत्रावरच्या अपघातात गेला. त्याच्या नावाने त्यांनी विद्यापीठाची पहिली मोठी इमारत उभारून दिली. त्या इमारतीजवळून जाशील तेव्हा नुसती घाईने जाऊ नकोस. बापाचं दुःख आहे ते.

आता आपल्याकडचं. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंदांच्या पैशातून, आईच्या नावाने. ठाकरसींनी 15 लाख दिले आणि महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. हे तुला शाळेत कुणीतरी सांगितलं असेल. पण ज्याच्या पैशावर मी स्वतः शिकलो, ज्याच्यामुळे तुझा बाबा शिकला आणि आज तू तिथे केमिकल इंजिनीअरिंगची पुस्तकं उघडून बसली आहेस, तो माणूस नागपूरशेजारच्या कामठीचा. रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण.

त्यांचा धंदा तेलाचा नव्हता, मँगनीजच्या खाणींचा. भंडारा, बालाघाट, नागपूर या पट्ट्यात जमिनीखाली काळं मँगनीज भरलेलं. पोलादाला ते लागतंच. इंग्रजांच्या काळात ते खणायचं, रेल्वेच्या वाघिणीत भरायचं आणि बंदरातून विलायतेला पाठवायचं. दगड आपला, पोलाद त्यांचं. त्या व्यापारात लक्ष्मीनारायण श्रीमंत झाले, आणि 1930 च्या सुमारास आपली मिळकत, सुमारे 35 लाख रुपये, त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिली. नुसतं 'विद्येसाठी' असं मोघम नाही. उपयोजित विज्ञान, रसायन शिकवा, असं स्पष्ट. मला नेहमी वाटतं की कच्चा माल जहाजात चढताना ज्याने आयुष्यभर पाहिला, त्यालाच हे सुचणार. त्या पैशातून 1942 मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. आम्ही एलआयटी म्हणायचो. अमरावती रोडवर.

मी गेलो ते साल 68 की 69, आता नीट लावता येत नाही. नेऱ्याहून पनवेलपर्यंत मिळेल ते वाहन, तिथून मुंबई, मग रात्रभराची गाडी. गाढी नदीच्या काठचं पोर नागपूरच्या उन्हाळ्यात पडलं! पण तेलाची प्रयोगशाळा मला विसरता येत नाही. सरकी, जवस, करडई, जे विदर्भाच्या शेतात पिकायचं तेच आमच्या टेबलावर. जवसाच्या तेलाचा एक प्रयोग होता. काचेच्या पट्टीवर तेलाचा पातळ हात द्यायचा आणि ठरावीक वेळाने बोटाचं टोक लावून बघायचं, बोट चिकटतंय का. कच्चं तेल चार-चार दिवस चिकट राहायचं. मग त्याच तेलात मँगनीजचा क्षार अगदी चिमूटभर घालून तापवायचं. वास असा की डोक्यावरून आंघोळ केली तरी जात नसे, खोलीतले सोबती बाहेर झोपायला सांगत. ते तेल पट्टीवर लावलं की दुसऱ्या सकाळी बोट कोरडं! वर कडक, चकचकीत पापुद्रा. रंग-व्हार्निशची सगळी विद्या त्या पापुद्र्यात. आमचे सर पट्टी उजेडाकडे धरून म्हणाले, मँगनीज कुणाचं, ठाऊक आहे ना? सगळा वर्ग एकदम गप्प झाला. सोनू, तो क्षण मी तुझ्या बाबालाही कधी सांगितला नव्हता. तू विचारलंस म्हणून वर आला.

नंतर मी तेल-साबणाच्या कारखान्यांत जन्म काढला. घर उभं राहिलं, तुझ्या आत्याचं लग्न झालं. त्या 35 लाखांतला किती पैसा माझ्या वाट्याला आला असेल? पण जे आलं ते नेऱ्यापर्यंत पोचलं, एवढं खरं.

2023 मध्ये एलआयटीचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. आनंद झाला. पण परवा नागपूरच्याच एका तरुण इंजिनीअरला विचारलं, लक्ष्मीनारायण कोण? म्हणाला, देवाचं नाव असेल. याचा मला राग येतो. कलनचं नाव तुला आठवड्यात पाठ झालं आणि आपल्या माणसाचं आपल्याच पोरांना माहीत नाही. आपण देणाऱ्याला हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. तू तसं करू नकोस. तिथे कुणी विचारलं की तुझ्या घरात केमिस्ट्री कुठून आली, तर कामठी म्हण. उच्चार त्यांना जमला नाही तरी म्हण.

आणि रविवारी फोनवर बोलताना मराठीत बोल, अर्ध्यावर इंग्रजीत शिरू नकोस, तुझ्या आजीला फक्त तुझा आवाज कळतो, बोलणं कळत नाही. जेवण वेळेवर कर. नुसत्या नूडल्सवर दिवस काढू नकोस.

इथे आता प्रबळगड दिसायचा तिकडे टॉवर चढताहेत, गॅलरीतून निम्माच दिसतो. डिसेंबरात येशील तेव्हा दोन दिवस मला दे. माझे गुडघे एकट्याने गाडीत चढू देत नाहीत. आपण नागपूरला जाऊ, एलआयटी दाखवतो, मग कामठीला. संत्र्याचा हंगाम असेल. तिकिटं साठ दिवस आधी सुटतात, तारखा लवकर कळव म्हणजे बाबाला खालचे बर्थ काढायला सांगतो.

तुझे,
आजोबा