मान, पाठ आणि पाय

इंग्रजी पाककृती वाचताना मी नेहमी एका जागी अडखळते. 'उरलेल्या कोंबडीचा सांगाडा पातेल्यात घाला' असं तिथे बिनदिक्कत लिहिलेलं असतं. त्यांची अख्खी भाजलेली कोंबडी टेबलावर येते, सुरीने मांस काढून वाढतात, सांगाडा मागे राहतो. आपल्याकडे कोंबडी तुकडे होऊनच रश्शात पडते आणि ताटातलं हाड म्हणजे उष्टं, खरकटं! त्याचं सूप करते म्हटलं तर आमच्या आटगावात मला कुणी दारात उभं करणार नाही.

मग आपलं उरलेलं कोणतं? जे जेवणाआधीच उरतं ते. तंगडी पाहुण्यांना, मग घरच्या पुरुषांना, मग मुलांना. पातेल्याच्या तळाशी मान आणि पाठ राहते. ती कुणाच्या वाटणीला येते हे काय सांगायला हवं? आमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षं मानच खाल्ली. "मला तीच आवडते गं," म्हणायच्या. (तुमच्या आईने हे म्हटलेलं ऐकलंय का कधी?)

मागच्या पावसाळ्यात त्यांना टायफॉइड झाला. ताप उतरला, पण भूक गेली ती गेलीच. वजन ३८ किलोवर आलं. भाकरी चावेना, डाळ नको, दूध बघवेना. तेव्हा मी अळणी करायला घेतली.

अळणी हा शब्द माझ्या माहेरचा, कोल्हापूरचा. मसाला पडण्याआधी मटण शिजलेलं पाणी बाजूला काढतात ते. नाव अळणी असलं तरी मीठ असतं बरं का त्यात! कोंबडीचीही तशीच होते. आता कोंबडी आणली की मान, पाठ, पंखांची टोकं मी आधीच वेगळी काढते, दुकानदाराकडून चार पाय मागून घेते. पाय गरम पाण्यात बुडवून वरची साल सोलायची, नखं छाटायची. किळस वाटते, पण सगळी गंमत पायातच आहे. कातडी आणि कुर्च्यांमधलं कोलॅजन मंद शिजताना विरघळतं आणि गार झाल्यावर पाणी जेलीसारखं थिजतं. थिजलं नाही तर पाणी जास्त झालं किंवा आच कमी पडली असं समजायचं.

थंड पाण्यातच घालायचं, उकळी येताना वर आलेला फेस काढायचा. मग कांदा, आलं, लसूण, मिरे, हळद. कुकरची एक शिट्टी झाली की बारीक आचेवर पाऊण तास. गावठी कोंबडीला जास्त वेळ लागतो. गाळलेली हाडं कुत्र्याला मात्र घालू नका, शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि त्याच्या घशात अडकतं.

आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून फ्रीजवर विसंबत नाही. पातेलं पाण्याच्या परातीत ठेवून लवकर गार करते, दुसऱ्या दिवशी खळखळून उकळते आणि त्याच दिवशी संपवते.

सासूबाईंची एक वेगळीच धास्ती होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्याच शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता आणि आसपासच्या हजारो कोंबड्या मारल्या गेल्या. तेव्हापासून ब्रॉयलर म्हटलं की त्या तोंड फिरवायच्या. ७० अंशांवर तो विषाणू मरतो आणि कुकरमध्ये तर शंभराच्याही वर तापतं, हे मी किती वेळा सांगितलं! शेवटी नातवाने सांगितल्यावर पटलं. असो.

हाडांचं सगळं कॅल्शियम सूपात उतरतं असं लोक म्हणतात, ते खरं नाही. उतरतं ते अगदी थोडं. नुसत्या पाण्यावर माणूस सुधारतही नाही. म्हणून मी त्या अळणीत तांदळाच्या कण्या शिजवायचे आणि मानेला-पाठीला चिकटलेलं मांस बोटांनी सोडवून त्यात घालायचे. पहिल्या दिवशी चार चमचे गेले. आठवड्याने वाटीभर. दिवाळीपर्यंत काटा ४२ वर गेला.

मागच्या रविवारी कोंबडी शिजत असताना त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आज एक तंगडी माझ्यासाठी ठेव."

"ठेवते ना आई," म्हटलं. दातांना झेपणार नव्हती, म्हणून मांस सोडवूनच वाढलं. हाड मात्र त्यांनी मागून घेतलं.