ओट्याची उंची

ओटा, त्याखालचे कप्पे, भिंतीवरची कपाटे, धुराच्या निचऱ्याची सोय आणि नळ, वीज व गॅस यांच्या जोडण्या या सर्वांचा एकत्रित आराखडा आधी कागदावर आखून, सुटे भाग बाहेर तयार करवून, ते स्वयंपाकघरात आणून बसवण्याच्या पद्धतीला आता सर्वत्र ‘मॉड्युलर किचन’ म्हटले जाते. तिच्यातील ओट्याखालच्या, रुळांवर पुढे ओढता येणाऱ्या कप्प्यांना पुण्याकडे ‘ट्रॉल्या’ हा शब्द इतका रुळला आहे की अनेक घरांत या साऱ्या कामालाच ‘ट्रॉल्या करून घेणे’ म्हणतात. मॉड्यूल म्हणजे ठरावीक मापाचा, स्वतंत्रपणे तयार होणारा आणि तशाच दुसऱ्या खणाला खेटून बसणारा खण. या पद्धतीचे बळ त्या ठरावीक मापात आहे आणि तिची अडचणही त्याच मापात आहे, कारण खणाचे माप सर्वत्र सारखे ठेवता येते, त्याच्यापुढे उभे राहून रोज दोन वेळचा स्वयंपाक करणाऱ्या बाईचे माप तसे ठेवता येत नाही.

मराठी घरातील जुन्या स्वयंपाकाची मांडणी बैठी होती. चूल जमिनीवर, तिच्या बाजूला वैल, म्हणजे मुख्य चुलीच्या जाळावरच दुसरे भांडे ठेवण्याची जागा, समोर पाट, हाताशी विळी आणि परात, पाठीशी फडताळ, कोपऱ्यात उतरंड आणि वर शिंके अशी ती व्यवस्था असे, आणि बसलेल्या माणसाच्या हाताचा पल्ला हे तिचे खरे माप होते. या व्यवस्थेतील धूर, गुडघ्यांवरचा ताण आणि वाकून केलेली केरसफाई यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. उभ्याच्या ओट्याने बायकांचे पुष्कळ कष्ट कमी केले, हे मान्यच केले पाहिजे. मात्र चूल जमिनीवरून ओट्यावर चढली तेव्हा ओट्याची उंची कोणी आणि कशावरून ठरवावी, हा प्रश्न बहुतेक घरांत गवंड्याच्या सवयीवर सोडला गेला, आणि मॉड्युलर पद्धतीत तो कारखान्याच्या सवयीवर सोडला जातो.

या पद्धतीचा उगम सांगताना जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहराच्या 1926 सालच्या स्वयंपाकघराचा उल्लेख करावा लागतो. वास्तुकार एर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली त्या शहरात उभ्या राहणाऱ्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुकार स्त्रीने सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब अशा चिंचोळ्या जागेत सगळे काम बसवले आणि त्या नमुन्याची सुमारे 10,000 स्वयंपाकघरे बांधली गेली. आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखान्याची आटोपशीर रचना तिच्यासमोर होती. पावलांची आणि हालचालींची मोजणी करून, कोणती वस्तू कोठे असली म्हणजे फेऱ्या वाचतील, हे तिने ठरवले होते. तिच्या रचनेतील दोन गोष्टी आजच्या नमुनापुस्तकांतून गळून पडल्या आहेत, याची खंत वाटते. एक म्हणजे लाकडाची निवड कामावरून केलेली होती: पिठाचे कप्पे किडीला दूर ठेवणाऱ्या ओकचे, तर चिरण्याची फळी बीचच्या लाकडाची. दुसरी म्हणजे खिडकीखाली कामाचे टेबल आणि त्यापुढे फिरते स्टूल होते, म्हणजे काही कामे बसून होतात हे त्या आराखड्याने गृहीत धरले होते.

प्रस्तुत लेखिकेच्या पुण्यातील सदनिकेत स्वयंपाकाची खोली 10 फूट लांब आणि 8 फूट रुंद असून तिला लागून भांडी घासण्याची ‘ड्राय बाल्कनी’, म्हणजे जुन्या मोरीचीच आजची आवृत्ती, आहे. मूळचा ओटा कडप्प्याचा आणि 34 इंच उंच होता. कडप्पा हा आंध्र प्रदेशातील त्याच नावाच्या जिल्ह्यावरून ओळखला जाणारा काळा चुनखडीचा दगड असल्यामुळे लिंबू, चिंच, आमसूल अशा आंबट पदार्थांनी तो खाल्ला जातो आणि त्याची झिलई जाऊन पांढुरके डाग पडतात. ग्रॅनाइटचे घटक अशा आंबटाला दाद देत नाहीत, म्हणून नवा ओटा ग्रॅनाइटचा करण्याचे ठरले. आराखड्यासाठी आलेल्या व्यावसायिकाने मात्र प्रथम रंगांचे नमुने पुढे ठेवले, आणि काम चुकीच्या टोकाने सुरू होत असल्याची जाणीव तेथेच झाली.

त्यामुळे रंगांची वही बाजूला ठेवून घरातील भांड्यांची आणि डब्यांची मोजदाद करण्यात आली, आणि या साऱ्या उद्योगातील सर्वाधिक उपयोगी काम तेच ठरले. पाच आणि तीन लिटरचे कुकर दांड्यासह किती लांब, तांदळाचा मोठा डबा झाकणासह किती उंच, वर्षाचे तिखट, गोडा मसाला आणि लोणच्याच्या बरण्या यांना किती जागा, रोज लागणारा मिसळणाचा डबा कोठे आणि दिवाळीतच निघणारा सोऱ्या कोठे, अशी यादी दोन दिवस चालली. तिच्यातून लक्षात आले की तयार ट्रॉल्यांतील कप-बशा आणि ताटांच्या जाळ्या घरातील एकूण भांड्यांपैकी थोड्यांच्याच कामाच्या आहेत. परातीचा हिशेब तर डोळे उघडणारा होता. खणाची बाहेरची रुंदी 18 इंच असली तरी दोन्ही बाजूंच्या 18 मिलिमीटर जाडीच्या फळ्या आणि दोन्हीकडचे रूळ वजा जाता आत जेमतेम साडेपंधरा इंच उरतात, म्हणजे 18 इंची परात त्यात आडवी बसूच शकत नाही; तिच्यासाठी, पोळपाटासाठी आणि तव्यांसाठी ते उभे सरकवता येतील असा पाच इंचांचा अरुंद खण वेगळा मागावा लागला.

मोजदादीनंतर उंचीचा प्रश्न हाती घेतला गेला. तयार खणांची प्रचलित उंची 720 मिलिमीटर असते. त्याखाली सुमारे 100 मिलिमीटरचे पाय आणि वर दगड व त्याचा आधार मिळून सुमारे 40 मिलिमीटर धरले की बेरीज 860 मिलिमीटर, म्हणजे जवळपास 34 इंच होते. ही बेरीज खणाची आहे, शरीराची नाही. उभ्याने काम करताना चिरण्यासारख्या कामाची पातळी कोपरापेक्षा चार ते सहा इंच खाली असावी आणि ज्यात वरून भार द्यावा लागतो अशा कामाची, जसे कणीक तिंबणे किंवा पोळी लाटणे, त्याहूनही खाली असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. प्रस्तुत लेखिकेची उंची 5 फूट आणि कोपराची उंची 38 इंच; सासूबाई तिच्याहून दोन इंच ठेंगण्या; आणि सकाळी पोळ्यांना येणाऱ्या मावशी, ज्यांचे त्या ओट्यापुढे उभे राहणे घरातील कोणाहीपेक्षा जास्त, त्या साधारण लेखिकेएवढ्याच. नियमाप्रमाणे चिरण्यासाठी 32 ते 34 इंच ठीक होते, पण लाटण्यासाठी ते जास्त होते. शिवाय शेगडी ओट्यावर ठेवली की आणखी पाच इंच वाढतात, त्यावर नऊ इंचांचे पातेले आले की त्याचा काठ जमिनीपासून 48 इंचांवर जातो, आणि पिठले घोटताना किंवा रवा भाजताना हात खांद्याच्या रेषेत उचलून धरावा लागतो. अनेक वर्षे उजव्या खांद्याच्या दुखण्याला वय हे कारण मानले जात होते. मोजपट्टी हाती घेतल्यावर दुसरे कारण दिसले.

मावशींना विचारले तेव्हा त्यांनी काही न बोलता जुन्या ओट्यापुढे पायाखाली पाट घेतला आणि त्यावर उभे राहून लाटणे फिरवून दाखवले. तीस पोळ्या लाटणाऱ्या हाताचा हा अभिप्राय कोणत्याही आराखड्यापेक्षा महत्त्वाचा होता, आणि ज्या घरांत स्वयंपाकाचा भार पगारी बाईवर असतो तेथे तिचे माप घेतल्याशिवाय ओटा बांधू नये, असे येथे आग्रहाने नमूद करावेसे वाटते.

यातून निघालेला तोडगा असा: काटकोनातील ओट्याची 10 फुटांची लांब बाजू, जिच्यावर सिंक आणि चिरण्याची जागा आहे, ती 33 इंच ठेवली आणि 8 फुटांची आखूड बाजू 29 इंचांवर घेतली. या खालच्या बाजूवर शेगडी ठेवली की बर्नर 34 इंचांवर येतो आणि शेजारी पोळपाट मांडला की लाटण्याची पातळी साधारण साडेतीस इंच होते, म्हणजे लाटणे आणि भाजणे शेजारीशेजारी राहून दोन्ही कामांना एकच उतरलेला ओटा पुरतो. सिंक उंच बाजूला ठेवण्याचे कारण असे की सिंकचा तळ ओट्यापेक्षा आठेक इंच खाली असतो आणि भांडी विसळताना हात त्या तळाशी जातात. लेखिकेच्या यजमानांची उंची 5 फूट 9 इंच असल्याने त्यांना शेगडीपुढे थोडे वाकावे लागते. ही तडजोड त्यांनी समजून स्वीकारली.

उंची बदलताच तयार खण बाद झाले, कारण 29 इंचांतून पाय आणि दगड वजा जाता साडेतेवीस इंचच उरत होते. म्हणून ट्रॉल्या स्थानिक कारागिराकडून स्टेनलेस स्टीलच्या करून घेतल्या. या स्टीलमध्ये 304 आणि 202 या दोन प्रती बाजारात नेहमी समोर येतात. 304 मध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, तर 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. त्यामुळे ते स्वस्त पडते, पण मीठ आणि ओल यांच्यापुढे लवकर हार मानते. लोहचुंबक लावून पारख करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो या दोघांतील फरक ओळखायला कुचकामी आहे, कारण दोन्ही प्रती चुंबकाला जवळपास सारख्याच उदासीन असतात. कपाटांच्या सांगाड्यासाठी प्लायवूड ठरले. उकळत्या पाण्यातही थर न सुटणाऱ्या प्रतीला बीडब्ल्यूपी म्हणतात आणि तिच्यासाठी आयएस 710 हे भारतीय मानक आहे, ज्यातील चाचणीत प्लायचा तुकडा 72 तास उकळवला जातो.

गॅसच्या बाबतीत सौंदर्यदृष्टीला मुळीच वाव नसतो. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी जाळी हवी. नळाने येणारा गॅस हवेपेक्षा हलका असल्याने तेथे वायुवीजन वरच्या बाजूला लागते. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि शेगडीची पातळी सिलिंडरपेक्षा वर असावी, या दोन अटींमुळे, आणि उतरलेल्या ओट्याखाली रेग्युलेटरसह सिलिंडर अडखळत असल्यामुळे, त्याची जागा काटकोनाच्या कोपऱ्याजवळ पण उंच बाजूखाली निश्चित करावी लागली.

बसवण्याच्या कामाला तीन आठवडे सांगितले होते, नऊ लागले. त्या काळात दिवाणखान्यात इंडक्शनच्या एका चुलीवर वरण-भात आणि ड्राय बाल्कनीत भांडी असा संसार चालला. उशिराचे मुख्य कारण एक साधी चूक होती. ट्रॉल्यांची मापे टाइल्स लावण्यापूर्वी, उघड्या भिंतीवरून घेतली गेली. टाइल आणि तिच्याखालचा माल मिळून प्रत्येक भिंत पाऊण इंच पुढे आली, दोन भिंतींमधील लांबी दीड इंचाने घटली आणि शेवटचा खण बसेना. तोडफोड, नळ, विजेच्या नळ्या, टाइल्स, दगड आणि त्यानंतरच मापे, हा क्रम मोडू देऊ नये. दुसरी चूक अधिक मनाला लागली. पावसाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात सिंकखालच्या सांध्यातून थेंब गळून कपाटाचा तळ फुगला. बिलात बीडब्ल्यूपी लिहिलेले होते, पण फळी उलटून पाहिल्यावर मानकाचा शिक्का कोठेच आढळला नाही. माल उतरवताना प्रत्येक फळी पाहिली असती तर हे टळले असते. पुरवठादाराने पुष्कळ बोलाचालीनंतर तळ बदलून दिला. सिंकखाली आता प्लायऐवजी ग्रॅनाइटचीच उरलेली फळी आहे.

एक वस्तू मोजदादीत असूनही आराखड्यात शेवटपर्यंत बेघर राहिली, ती म्हणजे विळी. सुरी-चमच्यांसाठी खाचांचा खास कप्पा मिळतो, विळीला तसे काही नाही, कारण ती उभ्याने वापरण्याची वस्तूच नव्हे. आणि सासूबाईंना मेथी निवडून चिरायची, नारळ खवायचा तर विळीच लागते. उतरलेल्या ओट्याच्या खिडकीकडच्या टोकाला, पोळपाटाच्या खाली, स्टुलासाठी दोन फुटांची जागा ट्रॉलीविना मोकळी ठेवलेली होती. स्टूल आणले गेले आणि चार दिवसांत दिवाणखान्यात गेले. त्या जागी आता पाट असतो, भिंतीला टेकवून मिटलेली विळी असते, आणि दुपारी खिडकीचा उजेड जमिनीपर्यंत पोचतो तेव्हा सासूबाई तेथे भाजी घेऊन बसतात.