कटाच्या आमटीचा कट

मोटारीच्या सीटला कापड लावायची कल्पना ज्या कोणा सुपीक डोक्यातून निघाली, त्या डोक्याने मराठी माणसाबरोबर कधी प्रवास केलेला नसावा. मराठी माणूस घराबाहेर पडतो तोच मुळी खाण्याची तयारी करून. पुण्याहून साताऱ्याला जायचं म्हटलं, तरी दशम्या, लसणीची चटणी, दह्याचं भांडं, लोणच्याची बरणी आणि चहाचा थर्मास ही मंडळी गाडीत आधी बसतात आणि उरलेल्या जागेत माणसं.

पूर्वी हे चालून जायचं. प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात सीट रेक्झिनच्या असत. उन्हाळ्यात मांड्या भाजायच्या, पाठ चिकटायची, सगळं खरं. पण त्या सीटसारखी अलिप्त वृत्ती मी भल्याभल्या संन्याशांत पाहिलेली नाही. वर चहा सांडा, ताक सांडा, घाटात एखादं पोर ओकू दे. ओलं फडकं फिरवलं की सीट आपली पुन्हा कोरी. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली तेव्हा लोक गाडीसाठी हळहळले. मी रेक्झिनसाठी हळहळलो.

कापडी सीट स्वभावाने प्रेमळ. ती उन्हात चटका देत नाही, घाम टिपते, थंडीत गारठत नाही. पण प्रेमळ माणसांचा जो दोष, तोच तिचा. ती सगळं पोटात घेते. वरच्या कापडाखाली फोमची गादी असते. चमचाभर पातळ पदार्थ कापडावर पडला की दहा मिनिटांत तो खाली गादीत मुक्कामाला जातो, आणि एकदा गेला की पाहुण्यासारखा आपल्या सोयीने बाहेर येतो.

आमच्या गाडीत हा मुक्काम कटाच्या आमटीने केला. ज्यांच्याकडे होळीला पुरणपोळी होते, त्यांना कटाची आमटी म्हणजे काय हे सांगायला नको. पुरणाची डाळ शिजवून वरचं पाणी काढायचं, तो कट. त्यात चिंच, गूळ, गोडा मसाला, सुक्या खोबऱ्याचं वाटण, तिखट, हळद आणि वर बोटभर तेलाचा तवंग. डाग पाडायचा या एकाच हेतूने कोणी पदार्थ शोधायला बसलं असतं, तरी याहून परिपूर्ण पाककृती सुचली नसती.

माझ्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ती चिंचवडला, आम्ही कोथरूडला. लेकीच्या घरी होळीला पुरणपोळी पोचली पाहिजे, हा अण्णांचा आग्रह. आमचे वडील अण्णा, वय वर्षे ८१. पोळ्या मागे ठेवल्या. आमटीचा कडीचा डबा मात्र अण्णांनी मांडीवर घेतला, कारण डिकीत तो कलंडेल अशी त्यांना भीती. गाडी चिरंजीव चालवत होते. गाडी नवीन, चिरंजीवांच्या पहिल्या पगारांची. सगळं बेताने चाललं होतं, आणि मध्येच रंग न दिलेला एक गतिरोधक आला. गतिरोधकाने आमची गती रोधली. आमटीची रोधली नाही.

“आजोबा, डबा मांडीवर कशाला घ्यायचा? एवढा डबा धरवत नाही तर!” चिरंजीव म्हणाले. मुलगा वाईट नाही. पण पहिल्या पगारांची गाडी होती. अण्णा काही बोलले नाहीत. धोतर पिवळं झालेलं, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते रुमालाने सीट पुसत होते.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या घराला प्रयोगशाळेची कळा आली. मेहुण्याने फोनवरून सांगितलं, “गरम पाणी ओता.” सौ. म्हणाली, “म्हणजे उरलेली डाळ सीटवरच शिजेल.” तिचं खरं होतं. डाळ, दूध, अंडं, रक्त यांचे डाग ऊन पाण्याने आणखी घट्ट धरतात. त्यांना गार पाणीच हवं. तिने आधी चमच्याने वरचा गाळ उचलला. मग अण्णांचा जुना पंचा घडी करून डागावर दाबून धरला. मी मदतीच्या हेतूने हात पुढे केला, तर ती म्हणाली, “चोळू नका. टिपा. आणि कडेकडून आत या, आतून बाहेर नको.” चोळलं की डाग जात नाही, नुसता पसरतो, शिवाय धाग्यात आणखी खोल जातो आणि कापडाची लव उसवते ती वेगळीच. नंतर तिने डागावर अंगाला लावायची पावडर टाकून ठेवली. ती तेल शोषते. तासाभराने पावडर झटकून, गार पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून फेस केला, आणि पाणी न घेता नुसता फेस लावून टिपून घेतला. तोही आधी सीटच्या मागच्या कोपऱ्यात, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा जागी लावून पाहिला, कापडाचा रंग उतरत नाही ना म्हणून. डाळ गेली, तेल गेलं, चिंच-गूळ गेले. राहिली हळद.

हळदीचं शास्त्र मोठं रंजक आहे. तिच्यातला रंग म्हणजे कुरकुमिन. ते १८१५ साली पहिल्यांदा वेगळं काढलं, आणि त्याची रचना समजायला १९१० साल उजाडलं. पंचाण्णव वर्षं शास्त्रज्ञांना जिने दाद दिली नाही, ती एका संध्याकाळी आम्हाला काय देणार! कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणजे फोडणीचं तेल हे हळदीचं वाहन. ते तिला बसवून नेतं आणि थेट धाग्याच्या दारात उतरवतं.

दुसऱ्या दिवशी सौ. भाजीला गेलेली असताना शेजारचे काका आले. हातात कपडे धुण्याचा ब्रश, खिशात धुण्याच्या सोड्याची पुडी. “तुम्ही नुसते बघत राहा,” म्हणाले, आणि मी ‘अहो’ म्हणेपर्यंत त्यांनी सोडा टाकून, तांब्याभर पाणी ओतून घासायला सुरुवात केली. पिवळा डाग लालभडक झाला. होळीला पिवळा, रंगपंचमीच्या आत लाल! काका ब्रश तिथेच टाकून मागे सरले. वास्तविक यात चमत्कार काही नाही. हळद क्षारात लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. सौ.ने परत येऊन पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ते टिपलं, तेव्हा लाल रंग ओसरून पुन्हा मूळचा पिवळा आला. पण काकांचं तांब्याभर पाणी गादीत गेलं होतं. ते सुकताना वर आलं, येताना पोटातला मळ घेऊन आलं, आणि सकाळी डागाभोवती हातभर रुंद कडं उमटलं. घरावर सोन्याचं कडं चढावं, तसं सीटवर मळाचं.

त्या आठवड्यात आमच्याकडे जो आला तो गाडी बघून गेला, आणि जाताना अण्णांकडे बघून हसत म्हणाला, “हे तुमचं काम वाटतं?” कोणाचा हेतू वाईट नव्हता. पहिल्या पाच-सहांना अण्णाही हसले. मग ते गाडीत बसताना सीटवर वर्तमानपत्र पसरू लागले. मग मागे बसू लागले. आणि एके दिवशी दवाखान्यात जायच्या वेळी म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. मी पीएमटीने येतो.” पीएमटीची पीएमपीएमएल झाली २००७ साली, पण अण्णा तिला जुन्याच नावाने हाक मारतात. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, हाताला कंप, आणि बसच्या दांड्याला धरून उभं राहायच्या गोष्टी.

त्या दिवशी पुढच्या सीटवर चिरंजीवांनी आपली जड बॅग ठेवली, तर गाडी ठणाणा करू लागली. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना हे यंत्र सक्तीचं आहे. पुढे कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की ते ओरडतं. बॅग आणि अण्णा यांतला फरक त्या यंत्राला कळत नव्हता. आम्हाला चांगला कळत होता. दवाखान्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही.

रात्री जेवताना चिरंजीवांनी पुन्हा सीटचा विषय काढला. सौ.ने भात वाढता वाढता एवढंच म्हटलं, “चोळू नकोस रे.” त्याने वर पाहिलं आणि पुढचं वाक्य भाताबरोबर गिळलं.

हळदीला शेवटी एकच वैरी, ऊन. उजेडात कुरकुमिन टिकत नाही. म्हणून तर हळदीचे कपडे आपल्या आया उन्हात टाकत. सौ.ने ठरवलं, गाडी रोज सकाळी अंगणात उन्हात उभी करायची, दारं सताड उघडी ठेवायची. पण उघड्या गाडीत कुत्री शिरतात, मांजरं झोपतात. राखणीला माणूस हवं. “अण्णा, तुमच्याशिवाय दुसरं कोण दिवसभर घरी आहे?” ती म्हणाली. अण्णांना नाही म्हणता येईना.

आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून अण्णा बसू लागले. पहिल्या दिवशी पेपर वाचला. दुसऱ्या दिवशी ऊन सरकलं तशी गाडी सरकवायला नातवाला हाक मारली. तिसऱ्या दिवशी ते नातवाला सांगत होते, “काल आंब्याच्या रसासारखा होता, आज लिंबासारखा झालाय.” पाचव्या दिवशी फाटकाशी थांबलेल्या टपालवाल्याला त्यांनी कुरकुमिन समजावून सांगितलं. आठव्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव ऑफिसातून आले, तर अण्णा पुढच्या सीटवर बसलेले. वर्तमानपत्र हातात होतं, अंगाखाली नव्हतं. “बघ, हळद कुठे दिसते का?” त्यांनी विचारलं. चिरंजीव वाकून वाकून बघत होते. “नाही दिसत,” म्हणाले, आणि मग, “पट्टा लावा आजोबा, चक्कर मारून येऊ.”

हळद गेली. काकांच्या तांब्याचं कडं मात्र पुरतं गेलं नाही. सौ.ने एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत सगळं कापड सारखं ओलसर करून टिपून काढलं, तेव्हा ते फिकटलं. पण तिरप्या उन्हात अजून दिसतं. पुढच्या होळीला आमटी पुन्हा चिंचवडला गेली, पुन्हा अण्णांच्याच मांडीवर. झाकणाखाली सौ.ने प्लॅस्टिकचा कागद लावला होता, आणि प्रत्येक गतिरोधकावर चिरंजीव गाडी अशी उतरवत होते, जशी आत नवरी बसली आहे.

तीन वर्षांनी गाडी बदलायचं निघालं. जुन्या गाड्या घेणारा एक तरुण पाहायला आला. त्याने इंजिन ऐकलं, चाकं पाहिली, आणि पुढच्या सीटवर बोट ठेवून म्हणाला, “इथे डाग आहे. पाच हजार कमी होतील.”

अण्णांनी पेपर खाली केला.

“अहो, तो आमटीचा नाही,” ते म्हणाले. “आमटी आम्ही केव्हाच घालवली. तो सल्ल्याचा डाग आहे. तो जात नाही.”