देवटेकची शिळा

नागपूरला पाहुणा आला की दीक्षाभूमीनंतर आम्ही त्याला अजब बंगला दाखवतो. 1863 साली सुरू झालेले हे संग्रहालय. मुलांना तेथले पेंढा भरलेले प्राणी आवडतात. मोठ्यांनी मात्र देवटेकच्या शिळेची माहिती करून घ्यावी.

देवटेक हे चंद्रपूर जिल्ह्यातील खेडे. तेथून आणलेल्या या एकाच दगडावर दोन लेख आहेत. जुना लेख अक्षरांच्या वळणावरून अशोकाच्या काळातला मानतात. दुसरा सुमारे सहाशे वर्षांनंतरचा, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा.

एका कार्यक्रमात मी ठासून सांगितले, "या दगडावर सम्राट अशोकाचे नाव कोरले आहे." टाळ्या पडल्या. घरी मुलीने विचारले, "बाबा, कुठल्या ओळीत?"

मला सांगता येईना. ग्रंथालयात जाऊन वा. वि. मिराशी यांचे वाचन काढले. अशोकाचे नाव त्यात नाही. 'सामी' म्हणजे स्वामी आज्ञा करतात, एवढेच आहे. चिकंबरी गावी धरण्या-मारण्यास मनाई आहे. ती प्राण्यांविषयी असावी, असे मिराशींचे मत. रुद्रसेनाच्या लेखात तेच गाव चिक्कंबुरी होते. देवटेकजवळचे आजचे चिकमारा ते हेच, असे मिराशींनी दाखवले.

झिजलेला दगड वाचणे सोपे नसते. ओला कागद दगडावर ठोकून बसवतात, वरून शाई देतात. खोलगट अक्षर पांढरे उमटते. ब्राह्मीतला 'क' अधिकच्या चिन्हासारखा. त्याला बारीक रेघ जोडली की का, कि, कु होते. ती रेघ झिजली की शब्दच बदलतो. दूर आयर्लंडात दगडाच्या कडेवर रेघा कोरून लिहिलेली ओघम लिपी आहे. तिथेही स्वरांच्या बारीक खाचा आधी पुसल्या जातात. मग गेलेल्या जागी वाचणारा आपल्या मनातले भरतो. मीही तेच केले होते.

पुढच्या कार्यक्रमात मी उभा राहून चूक कबूल केली. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत; पण दोन मुले ब्राह्मी शिकायची म्हणून माझ्याकडे आली.

आपल्या गावाजवळ कोरीव दगड असेल तर त्याला शेंदूर, ऑइलपेंट लावू देऊ नका. खिळ्याने अक्षरे खरवडू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. दिसेल तेवढेच वाचा. न दिसणारी जागा मोकळी सोडण्यात कमीपणा नाही.